तळ्याचा आणि खाडीचा गाळ वाचायचा कसा: ठाण्या-नवी मुंबईत कोअर काढणाऱ्यांसाठी

दिवाळी उलटली की ठाण्यातली पर्यावरणशास्त्राची मुलं तीन इंची पाइप खांद्यावर टाकून एखाद्या तळ्याकडे नाहीतर खाडीकडे निघतात. पाइप चिखलात घुसतो, भरून वर येतो, फोटो निघतात. घोटाळा कळतो सहा महिन्यांनी, थरांच्या वयाचा, म्हणजे तारखांचा, अहवाल हातात पडल्यावर. चाळीस सेंटीमीटर खोलीवरचा गाळ जुना असायला हवा, तो दहा सेंटीमीटर खोलीवरच्यापेक्षा तरुण निघालेला असतो. मग प्रयोगशाळेला नावं ठेवली जातात. आजवर माझ्यापुढे असे जे कोअर आले, त्यांतल्या बहुतेकांत चूक जागा निवडताना किंवा पाइप बाहेर काढताना झालेली होती, आणि ती पुढे कुठल्याही यंत्राने दुरुस्त होण्यातली नव्हती.

गाळाचा जो उभा दांडा निघतो त्याला मराठीत गाभा म्हणता येईल, पण सगळे कोअरच म्हणतात, मीही तेच म्हणतो. खाली दिलेला क्रम मोडू नका. पुढची पायरी मागची बिघडवते, हाच या कामातला खरा त्रास आहे.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

"पर्यावरणातला बदल पाहायचा आहे" हा प्रश्न नव्हे. "ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आल्यावर खाडीत जस्त-तांबं किती वाढलं" हा प्रश्न आहे. "या खाजणात खारं पाणी शिरायचं कधी थांबलं" हाही आहे. पहिल्याला गेल्या शंभर वर्षांचा गाळ पुरतो, म्हणजे बहुधा एक मीटरच्या आतला कोअर. पावसाळ्याचा हजारो वर्षांचा इतिहास हवा असेल तर शहरातलं तळं त्या कामाचं नाही. लोणारच्या तळातून सुमारे १० मीटर गाळ काढून सुमारे ११ हजार वर्षांच्या पावसाचा माग काढला गेला, कारण ते विवर खोल, बंदिस्त आणि न ढवळलेलं आहे. आपल्याकडे तसं काही नाही, आणि प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर हे मान्य केलं तर पुढची बरीच फजिती टळते.

पायरी २: न ढवळलेली जागा शोधा

एकूण वेळाचा तिसरा हिस्सा इथे घाला. मुलं बरोबर इथेच घाई करतात.

ठाण्याची तळी दिसायला सोयीची, पण बहुतेकांचं कधी ना कधी सुशोभीकरण झालं आहे. काठ बांधले, गाळ उपसला. उपसलेल्या तळ्याचा कोअर म्हणजे मधली पानं फाडलेली वही. वरचे वीस सेंटीमीटर उपसल्यानंतरचे, त्याखाली एकदम कितीतरी जुनी माती, आणि मधल्या वर्षांचा पत्ता नाही. मासुंद्यासारख्या तळ्यात बोटी फिरतात, काठाजवळचा गाळ सतत हलतो.

दुसरी अडचण विसर्जनाची. जिथे वर्षानुवर्षं गणपती विसर्जित झाले तिथल्या गाळात बाहेरून आलेली शाडू आहे, प्लास्टर ऑफ पॅरिस आहे, रंगांतले धातू आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट. त्यामुळे कॅल्शियम वाढलेलं दिसलं की "तळं आटत होतं, क्षार साठत होते" असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका. विसर्जनाच्या घाटापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा.

उपसा झाला का, हे कसं कळणार? महापालिकेच्या कामाच्या फाइलींतून, उपग्रहाच्या जुन्या चित्रांतून (तळं कोरडं आणि आत डंपर उभे दिसले की समजा), आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे काठावरच्या म्हाताऱ्या माणसाकडून. एका तळ्यावर मी जाळं विणत बसलेल्या काकांना विचारलं, "काका, हे तळं कधी उपसलं होतं का हो?" काकांनी मान वर न करताच सांगितलं, "दोनदा. एकदा माझ्या लग्नाच्या आधी, एकदा नातीच्या बारशाला. दुसऱ्या वेळी पार खडक लागेपर्यंत." त्या तळ्यात पाइप घालायचा आमचा बेत तिथेच संपला. प्रयोगशाळेचे हजारो रुपये वाचले. बदल्यात काकांनी तासभर थांबवून घेतलं, तेवढं चालतं.

खाडीच्या बाजूला तीन सापळे आहेत. पहिला मिठागरांचा. मिठागराचा तळ मुद्दाम चोपून घट्ट केलेला असतो आणि तो खरवडलाही जातो, तिथे थर शोधू नका. दुसरा भरावाचा. माती-डेब्रिज टाकलेल्या जागी वरचा मीटरभर कुठूनही आलेला असू शकतो. तिसरा खेकड्यांचा. तिवरांच्या मुळांशी खेकडे आणि निवट्या बिळं करतात, बीळ ओस पडलं की त्यात वरचा ताजा गाळ भरतो, आणि तुमच्या ५० सेंटीमीटरच्या नमुन्यात गुटख्याची पुडी सापडते. हा विनोद नाही, मी स्वतः चिमट्याने काढली आहे.

खाडीत बिळं कमी असलेली, प्रवाहापासून आत वळलेली जागा निवडा. तळ्यात काठ आणि नाल्याचं तोंड दोन्ही टाळून सर्वांत खोल सपाट भाग घ्या. नाल्याच्या तोंडाशी दर पावसाळ्यात जुना गाळ खरवडला जाऊन नवा पसरतो.

*तपासा:* दोरीला वजन बांधून तळ्याची खोली किमान वीस ठिकाणी मोजली का? कागदावर नकाशा काढला का? "मध्यभागीच खोल असणार" हे गृहीत धरू नका.

पायरी ३: परवानग्या

तळ्यासाठी महापालिका. तिवरांत पाय ठेवायचा तर वन खात्याचा कांदळवन कक्ष. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही आहे, तिथून मूठभर चिखल उचलायलाही वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते. अर्जात कोअरची संख्या, पाइपचा व्यास आणि खोली लिहा. "थोडासा गाळ" असं लिहिलेला अर्ज टेबलावरच पडून राहतो. तीन महिने हाताशी ठेवा.

पायरी ४: दिवस आणि वेळ

तळ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, वारा उठायच्या आत. खाडीसाठी पंचांग बघा. कोळ्यांची पाऊणकी इथे अजूनही चोख चालते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, ओहोटी दुपारी बाराला. हे किनाऱ्याचं गणित आहे, खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा फिरतं. नेमक्या वेळेसाठी छापील कोष्टक वापरा, पाऊणकी ताळा म्हणून ठेवा.

मग द्वितीया घ्यायची की अष्टमी? अष्टमीची ओहोटी भर दुपारी मिळते म्हणून मुलांना ती आवडते. पण ती भांगाची, पाणी पुरतं उतरतच नाही. उधाणाच्या दिवसांतली सकाळची ओहोटी घ्या. चिखल जास्त उघडा पडतो आणि ऊनही कमी.

*सावधान:* पाणी फिरण्याच्या एक तास आधी बाहेर पडायचं, कोअर अर्धा राहिला तरी. गुडघाभर चिखलात गमबूट रुततो, माणूस बाहेर येतो, बूट येत नाही. उभं राहायला फळी न्या, लाइफ जॅकेट घाला, तिघांपेक्षा कमी जाऊ नका.

पायरी ५: सामान

पारदर्शक ॲक्रिलिकची नळी मिळाली तर उत्तम, नाहीतर ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. खालची कड कानसीने बाहेरून तासून धारदार करा, आतून तासलीत तर पाइप घुसताना गाळ दाबला जातो. दोन्ही टोकांना घट्ट बसणारी रबरी बुचं हवीत, आणि प्रत्येक बुचाला एक जादा. तळ्यासाठी वजनाने खाली जाणारा ग्रॅव्हिटी कोअरर एखाद्या संस्थेकडून उसना मिळतो का पाहा. खाडीच्या चिकट गाळात रशियन कोअरर सरस, कारण तो बाजूने फिरून गाळ कापतो, वरून दाबत नाही. मात्र सगळ्यात वरचा पातळ थर त्याला धरता येत नाही, त्यासाठी शेजारीच वेगळी आखूड नळी घ्या.

याशिवाय फुलवाल्याकडचा हिरवा फोम, मोजपट्टी, झिपच्या पिशव्या, पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपर. मार्कर ओल्या हाताने पुसला जातो, ट्रेसिंग पेपरवरची पेन्सिल पिशवीच्या आत ठेवली तरी टिकते. खोलीचे आकडे अक्षरातही लिहा. ओल्या कागदावर १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि त्यापायी एका मुलीच्या आठ पिशव्यांचा क्रम कायमचा गेला.

पायरी ६: कोअर काढणं

आता सावकाश. नळी पाण्यात सोडताना शेवटचा मीटर हळू न्या. धप्पकन टेकवलीत तर पुढे येणारी पाण्याची लाट तळाचा भुसभुशीत थर उडवून देते, आणि त्या थरात गेली दोन-चार वर्षं असतात. नळी उभीच राहिली पाहिजे. तिरकी गेलेली नळी खोली जास्त दाखवते.

एका दमात, समान जोराने दाबा. हातोड्याने ठोकू नका, ठोकल्याने गाळ हादरून बसतो. हवी ती खोली गाठली की वरचं बूच घट्ट लावा, मग ओढा. वरचं बूच न लावता ओढलेली नळी वाटेतच रिकामी होते. खालचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली असतानाच एकाने हात घालून खालचं बूच बसवायचं, पृष्ठभाग ओलांडला की उशीर झाला.

नळी वर आल्यावर आधी बघायचं ते गाळावरचं पाणी. ते नितळ असेल आणि गाळाचा माथा सपाट, मऊ, किंचित तपकिरी दिसत असेल तर कोअर चांगला. पाणी गढूळ असेल तर दहा मिनिटं नळी उभी धरून बघा. तरी निवळलं नाही, तर मनावर दगड ठेवून ओतून द्या आणि दोन मीटर बाजूला दुसरा घ्या. हा निर्णय पाण्यातच घ्यायचा, घरी नेऊन नाही.

लगेच दोन मापं टिपा. नळी बाहेरून किती खोल गेली आणि आत गाळ किती लांब आहे. बाहेर १०० सेंटीमीटर आणि आत ८२, तर १८ टक्के दबलं. हा दबाव सगळीकडे सारखा नसतो, वरचा पाणीदार भाग जास्त दबतो. म्हणून सगळ्या खोल्यांना एकाच आकड्याने गुणू नका. पुढे घनता मोजाल तेव्हा हिशेब जमतो. दबाव २५ टक्क्यांच्या वर गेला असेल तर मी तो कोअर तारखांसाठी वापरत नाही.

*तपासा:* किमान दोन कोअर, काही मीटरच्या अंतरावर. एक कापायला, दुसरा न कापता ठेवायला. नळीवर बाण काढून "वर" लिहिलं का? हसू नका, उलटे ठेवलेले कोअर मी पाहिले आहेत.

पायरी ७: ने-आण आणि कापणी

माझा पहिला कोअर मी टेम्पोत आडवा ठेवून घोडबंदर रोडने आणला. घरी पोचलो तेव्हा वरचे बारा सेंटीमीटर म्हणजे नुसतं सारण झालं होतं. चूक संपूर्ण माझी. नळी उभी न्यायची, मांडीत धरून. वरचं पाणी बारीक नळीने ओढून काढायचं, शेवटचा सेंटीमीटर राहू द्यायचा, मग फोमची गोल चकती अलगद टेकवून वर बूच. फोम उरलेलं पाणी पितो आणि माथा हलू देत नाही.

घरी आणून फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाचे स्फटिक थर मोडतात.

कापणीआधी फोटो, रंगाची नोंद आणि वास. खाडीच्या गाळाला सडक्या अंड्याचा वास येतो, तो कुठल्या खोलीला सुरू होतो ते लिहा, पायरी ८ मध्ये लागेल. चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती दाद देतो) नळीबाहेरूनच मोजण्याची सोय असेल तर तीही आताच मोजा. एकदा चकत्या झाल्या की अखंड कोअर परत मिळत नाही.

मग नळी उभी ठेवून खालून दट्ट्याने वर ढकला. त्याच पाइपचं एक सेंटीमीटर उंचीचं कडं कापून माप म्हणून वर बसवा, गाळ कड्याच्या काठाला आला की रंगाऱ्याच्या लांबी भरायच्या पट्टीने सरळ कापा. वरचे १० सेंटीमीटर अर्ध्या सेंटीमीटरने, पुढचे एकेक सेंटीमीटरने. प्रत्येक चकतीची बाहेरची दोन-तीन मिलिमीटर कड फेका, कारण नळी खाली जाताना वरचा गाळ भिंतीला फासून नेते. ही कड न काढल्यामुळे खालच्या थरांत "आधुनिक" शिसं सापडल्याचे किस्से कमी नाहीत. पट्टी दर वेळी धुऊन पुसा.

पायरी ८: मोजण्यांचा क्रम

चकतीत गाळ मोजकाच असतो, म्हणून आधी काय आणि मग काय हे ठरलेलं हवं.

अ) ओली घनता. टोक कापलेल्या सिरिंजने नेमका एक घन सेंटीमीटर गाळ घ्या, वजन करा, १०५ अंशांवर रात्रभर वाळवा, पुन्हा वजन करा. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि मग तारखा काढताना सगळे अडतात, कारण गाळ साठण्याचा वेग वजनातच मोजावा लागतो.

आ) त्याच वाळलेल्या नमुन्याची जाळून घट. ५५० अंशांवर चार तास म्हणजे सेंद्रिय भाग, ९५० अंशांवर दोन तास म्हणजे कार्बोनेट. मुशी आधी रिकामी भाजून तिचं वजन घ्या, गरम मूस तराजूवर ठेवू नका. आपल्याकडची माती बेसॉल्टची, तिच्यातली चिकणमाती स्वतःच्या रचनेत पाणी धरून असते. ते पाणीही ५५०ला उडतं आणि सेंद्रिय आकडा फुगतो. म्हणून काही नमुन्यांत कार्बन थेट मोजून घ्या.

इ) चुंबकीय मोजणी. ट्रॅपचा, म्हणजे आपला बेसॉल्टचा, खडक चुंबकीय खनिजांनी भरलेला, त्यामुळे डोंगर उकरला गेला की गाळात आकडा चढतो. पारसिकच्या किंवा येऊरच्या उतारांची धूप पाहायला हे स्वस्त साधन आहे. पण जिथून सडक्या अंड्याचा वास सुरू होतो तिथून खाली ही खनिजं गाळातच विरघळतात. त्या खोलीखाली आकडा पडला तर "पूर्वी धूप कमी होती" असं लिहू नका.

ई) परागकण आणि डायटम (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ), दोन वेगळ्या उपनमुन्यांतून. परागकणांसाठी सिलिका विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, आणि डायटमचं कवच सिलिकाचंच असतं. एकाच परीक्षानळीत दोन्ही करायला गेलात तर डायटम नाहीसे होतात आणि तुम्ही "डायटम आढळले नाहीत" असं लिहिता. हे आम्ल हाडापर्यंत जातं, कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत हात लावू नका. ॲसिटोलिसिस म्हणजे परागकण आम्लांच्या मिश्रणाने साफ करणं. त्याआधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुऊन पाणी पूर्ण काढा, ॲसिटोलिसिसचं मिश्रण पाण्याशी भडकतं. प्रत्येक थरात किमान ३०० कण मोजा. शंभरावर थांबलात तर तिवराचा टक्का निव्वळ योगायोगाने वरखाली होतो.

उ) धातू. बारीक गाळ धातू जास्त धरतो, वाळू कमी. म्हणून जस्त-शिशाचे नुसते आकडे न देता ॲल्युमिनियमशी गुणोत्तर द्या. नाहीतर वाळूचा थर "प्रदूषण घटल्याचं" चित्र दाखवतो.

पायरी ९: वय काढणं

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१०, म्हणजे शिशाचं किरणोत्सारी रूप. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. हवेतून, पावसाबरोबर ते गाळात येतं आणि खोलीनुसार घटत जातं. गॅमा मोजणीसाठी नमुना हवाबंद डबीत तीन आठवडे ठेवावा लागतो, तोवर डबीतला रेडॉन वायू समतोलाला येतो. डबी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी आकडे मागू नका.

शिशाच्या तारखेला साक्षीदार लागतो. सीझियम-१३७ अणुचाचण्यांतून आलं, त्याचं शिखर १९६३चं. आपल्या अक्षांशावर ते मुळात कमी पडलं, आणि खाऱ्या पाण्यात ते गाळात वरखाली सरकतं, म्हणून खाडीत शिखर पसरट मिळालं तर ओढूनताणून तारीख लावू नका. गोड्या तळ्यात ते बरं दिसतं. उदाहरणादाखल, २०२३ मध्ये काढलेल्या कोअरमध्ये शिखर ३० सेंटीमीटरवर असेल तर वेग वर्षाला अर्धा सेंटीमीटर. म्हणजे तुमची एक सेंटीमीटरची चकती दोन वर्षांची. त्यातून २६ जुलै २००५चा पूर वाचायचा तर वाळूचा किंवा जाड गाळाचा वेगळा थर डोळ्यांना दिसायला हवा, आलेखातल्या एका बिंदूवर ते उभं करू नका.

त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४. तिवरांची मुळं खाली घुसतात आणि वरचं तरुण कार्बन जुन्या थरात नेऊन ठेवतात. शिंपले खाऱ्या पाण्यातलं जुनं कार्बन घेतात आणि वय वाढवतात. पानाचा किंवा बीचा तुकडा निवडा, तोही सूक्ष्मदर्शकाखाली मूळ नसल्याची खात्री करून.

*तपासा:* वरच्या काही सेंटीमीटरांत शिसे-२१० सारखंच आहे का? असेल तर तो थर ढवळलेला आहे. तिथल्या प्रत्येक चकतीला वेगळं वर्ष देऊ नका.

पायरी १०: अर्थ लावणं

तारखा पाहण्याआधी आलेखावर बदलांच्या रेघा मारा: इथे धातू चढले, इथे डायटम बदलले. कागदाचा फोटो काढून ठेवा. मग तारखा उघडा. उलट केलंत तर मन आपोआप १९७०ला रेघ मारतं, कारण नवी मुंबई वसवणारी सिडको तेव्हा आली हे सगळ्यांना पाठ असतं.

खाऱ्या पाण्याचे डायटम संपून गोड्या पाण्याचे सुरू झाले की मुलं "समुद्र मागे हटला" नाहीतर "पाऊस वाढला" असं लिहितात. ठाणे-बेलापूरकडे आधी विचारायचं ते वेगळंच: इथे बांध कधी पडला? खारं पाणी अडवून खाजणात भात लावायची रीत या किनाऱ्याला जुनी आहे. बांध फुटला की तेच डायटम पुन्हा खारे होतात. यात हवामानाचा संबंधच नसतो. जुनं टोपोशीट (सर्वेक्षणाचा नकाशा) आणि गावातली शेतं कोणाची होती हे विचारणं, दोन्ही इथे कामाला येतात.

धातू म्हणून मोजलेल्या शिशाचा (शिसे-२१०चा नव्हे) आलेख २००० नंतर उतरत असेल तर तो विश्वासाने वाचता येतो, त्या वर्षी देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. मात्र उतार लगेच दिसेल असं नाही. रस्त्याकडेच्या मातीत साठलेलं शिसं पुढची कितीतरी वर्षं पावसाबरोबर येतच राहतं.

शेवटी दुसरा कोअर उघडा. सगळी मोजणी नको, जाळून घट आणि चुंबकीय आकडे एवढंच करा, दोन दिवसांचं काम. दोन्ही कोअरमध्ये चढउतार त्याच क्रमाने आले तर अहवाल लिहायला बसा. नाही आले तर फरक कुठल्या खोलीपासून सुरू होतो ते शोधा. बहुतेकदा तिथे बीळ, नाल्याचा लोंढा किंवा उपसा निघतो. अहवालातल्या प्रत्येक आलेखाला वर्षांच्या शेजारी खोलीचाही अक्ष ठेवा. तारखा पुढे कोणीतरी सुधारेल, खोली तीच राहील.